खंबीर बाईची रजा

कोविडचं दुसरं वर्ष सुरू होतं, तेव्हा माझं ब्लड प्रेशर १६४/१०२ निघालं. मी अटलांटात आयसीयूत नर्स आहे. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे बघायचे आणि वाढले की डॉक्टरांना हाक मारायची, हेच माझं काम. स्वतःचा आकडा बघून मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. दुसऱ्या यंत्रावर घेतलं, मग दुसऱ्या दंडावर. तिसरा दंड असता तर त्यावरही घेतलं असतं. शेवटी गोळी सुरू झाली. तपासणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनर (औषध लिहून देऊ शकणारी जादा शिकलेली नर्स) बाई ब्लॅक होत्या, पन्नाशी उलटलेल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "मीठ कमी कर वगैरे तुला मी काय सांगणार! पण तू मनातलं कुणाशी बोलतेस?" मी म्हटलं, आईशी. पुण्याला रोज फोन असतो.

"तिला खरं सांगतेस?"

मला हसूच आलं. आईला खरं सांगायला मी काय वेडी आहे?

आता मी कोण ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आई पुण्याची, भवानी पेठेतली. वडील केनियाचे. ऐंशीच्या दशकात आफ्रिकेतून पुण्यात शिकायला येणारी मुलं बरीच असत, त्यांतलेच ते एक. पदवी घेऊन नैरोबीला परतले, काही वर्षं पत्रं आली, मग यायची थांबली. मी आजोळी वाढले. रंग वडिलांचा, केस वडिलांचे. बाकी जीभ, जेवण आणि हट्ट सगळा आजीचा. पीएमटीच्या बसमध्ये शेजारच्या बायका माझ्यादेखत बोलत, "ही हबशीण कुठली गं?" "असेल कुठल्यातरी हॉस्टेलची." माझा स्टॉप आला की मी उठून म्हणायची, "मावशी, जरा सरकता का?" त्यांचे चेहरे बघण्यासारखे होत. तेवढाच सूड माझ्या हातात होता आणि तो मी मनसोक्त घेतला.

शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी सक्तीच्या होत्या. माझ्या केसांना वेणी धरत नसे, भांग टिकत नसे. आजी खोबरेल थापून फणी घालायची, फणीचे दात मोडायचे आणि मी कळवळले की एकच वाक्य यायचं, "रडायचं नाही. आपण खंबीर आहोत." आजीचा दोष नाही. नवरा गेलेला, लेकीचं असं झालेलं, वर चाळीतली तोंडं. रडत बसली असती तर चूल पेटली नसती. पण ते वाक्य मी इतकं गिळलं की पुढे कुणी विचारलं नाही तरी तेच उत्तर तोंडातून यायचं.

अटलांटात उतरले तेव्हा पहिल्यांदा लोकल गाडीत बसून माझ्याकडे कुणीही बघितलं नाही. निम्मं शहर माझ्या रंगाचं. हा सुटकेचा श्वास मी आयुष्यभर विसरणार नाही. पण तो फार टिकला नाही, कारण दुसरी गोष्ट सुरू झाली. रुग्णाचे नातेवाईक गळ्यात स्टेथोस्कोप असतानाही मला कचऱ्याची पिशवी बदलायला सांगत. सगळ्यांत अवघड पेशंट माझ्या वाट्याला, "कारण तू स्ट्राँग आहेस." जादा ड्यूटी मलाच, "कारण तू नाही म्हणत नाहीस." पुण्यात मी हबशीण होते, इथे मी ब्लॅक बाई झाले, आणि दोन्हीकडे माझ्याकडून अपेक्षा एकच: सोस आणि हसतमुख राहा.

कोविडमध्ये हे विकोपाला गेलं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर गडद त्वचेवर जास्त आकडा दाखवतं, याचा मोठा अभ्यास डिसेंबर २०२० मध्ये आला: यंत्र ठीक म्हणत असताना रक्तात प्राणवायू खरोखर कमी असण्याचं प्रमाण ब्लॅक रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट. श्वास लागतोय म्हणणारी बाई आणि ९४ दाखवणारं यंत्र, यांत विश्वास कुणावर ठेवला गेला ते मी खाटेजवळ उभी राहून पाहिलं होतं. त्याआधी २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातला एक अभ्यास गाजला होता. त्यात निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थी आणि शिकाऊ डॉक्टरांची ब्लॅक माणसांच्या शरीराबद्दल निदान एक तरी खोटी समजूत निघाली, उदाहरणार्थ त्यांची कातडी जाड असते. हे वाचल्यावर राग येतो. तो राग घेऊन ड्यूटी करता येत नाही, म्हणून तो गिळायचा. आर्लिन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२ मध्येच मांडलं होतं की सततच्या अन्यायाने ब्लॅक बायकांचं शरीर वयाच्या आधी झिजतं. पुण्यात शिकताना आम्हाला हे कुणी शिकवलं नाही. अमेरिकेत शिकलेल्या माझ्या सहकाऱ्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

थेरपी, म्हणजे मनातलं बोलायला समुपदेशक, शोधणं हेच एक काम आहे, त्याची तयारी ठेवावी. नोकरीच्या ठिकाणी काही बैठका फुकट मिळतात, म्हणून सुरुवात तिथून केली. समोरची गोरी बाई खरोखर मायाळू होती. मी कचऱ्याच्या पिशवीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी तसं मुद्दाम केलं नसेल, असं होऊ शकतं का?" होऊ शकतं की. पण मग उरलेला तास मी तिला समजावण्यात घालवला आणि बाहेर आले ती ड्यूटी करून आल्यासारखी थकून. फुकटच्या बैठका अशाच संपल्या.

मग ब्लॅक थेरपिस्ट शोधायची ठरवली. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांत ब्लॅक जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे रांगा लांब. अटलांटातल्याच मानसशास्त्रज्ञ डॉ. जॉय हार्डन ब्रॅडफर्ड यांनी २०१४ मध्ये 'थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स' ही वेबसाइट सुरू केली. तिथे राज्यानुसार थेरपिस्टची यादी मिळते. यादीतल्या काही जणी विमा घेत नव्हत्या, काहींकडे जागा नव्हती. आमच्या राज्याचं, जॉर्जियाचं, लायसन्स असलेली, व्हिडिओवर भेटणारी एक मिळाली, तेव्हा वर्ष संपत आलं होतं. विम्याचं म्हणाल तर अर्धा खर्च मीच भरत होते. इथे राहणाऱ्या मराठी बायकांना एकच सांगते, आधी विमा कंपनीला फोन करून विचारा आणि उत्तर लेखी मागा.

पहिल्याच भेटीनंतर तिने एक प्रश्नावली पाठवली. नॉर्थ कॅरोलिनातल्या शेरिल वुड्स-जिस्कॉम्बे यांच्या कामातून ती आली आहे. त्या स्वतः नर्स आणि संशोधक, म्हणून मला जरा जास्तच आपुलकी वाटली. त्यांनी ब्लॅक बायकांच्या गटांशी बोलून २०१० मध्ये 'सुपरवुमन'चं एक चित्र मांडलं: कायम खंबीर दिसण्याची सक्ती, भावना दाबण्याची सक्ती, कुणाचा आधार घ्यायला नकार, हाताशी काही नसताना यश मिळवण्याचा हट्ट, आणि आधी सगळ्यांचं करायचं, मग स्वतःचं. प्रश्नावलीत प्रत्येक वाक्याला दोन उत्तरं द्यायची असतात. हे तुमच्या बाबतीत खरं आहे का? आणि खरं असेल तर त्याचा तुम्हाला त्रास होतो का? रात्रपाळीहून आल्यावर चहा पिता पिता मी ती भरली. पहिल्या रकान्यात सगळीकडे 'नेहमी'. दुसऱ्या रकान्यात सगळीकडे 'अजिबात नाही'.

थेरपिस्टने पडद्यावर तो कागद उघडला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाली, "तू हा दुसरा रकाना स्वतः भरलास की कुणाच्या वतीने?"

मी त्या आठवड्यात तिच्यावर रागावले होते. पुढच्या आठवड्यात भेट रद्द केली, ड्यूटीचं कारण दिलं. त्यापुढच्या आठवड्यात गेले.

असं काही महिने चाललं. खरं बोलायचं तर थेरपी बऱ्याचदा कंटाळवाणी असते. तेच तेच बोलतोय असं वाटतं. सिनेमात दाखवतात तसा एका बैठकीत बांध फुटत नाही. मला इंग्रजीत सगळं नीट, मुद्देसूद सांगता यायचं, रिपोर्ट द्यावा तसं. एकदा फणीचं सांगत होते, तर ती मध्येच म्हणाली, "हे तुझ्या आजीला तिच्या भाषेत सांग. मला समजलं नाही तरी चालेल." मला ते नाटकी वाटलं. स्वयंपाकघरात बसले होते, समोर लॅपटॉप. मी म्हटलं, "आजी, मला दुखत होतं गं." आणि पुढचं बोलताच येईना. समोरची बाई एक अक्षर न कळता नुसती बसून होती. घड्याळ लावून बोलायची सवय असलेल्या तिने त्या दिवशी वेळ संपल्याचं सांगितलं नाही.

गटाचं तिनेच सुचवलं. अटलांटाच्या वेस्ट एंड भागात एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये शनिवारी सकाळी ब्लॅक बायकांचा गट जमतो. फी नाही, कॉफीसाठी डबा ठेवलेला. या गटांची पद्धत याच परिसरातली आहे. बिली एव्हरी या बाईंनी १९८३ मध्ये जवळच्याच स्पेलमन या ब्लॅक मुलींच्या कॉलेजात ब्लॅक बायकांच्या आरोग्यावरची पहिली राष्ट्रीय परिषद भरवली. दोनेक हजार बायका आल्या. त्याआधी फ्लोरिडातल्या एका कॉलेजात कामाचं प्रशिक्षण घेणाऱ्या तरुण ब्लॅक मुली सारख्या गैरहजर का असतात, हे शोधताना त्यांच्या लक्षात आलं होतं की आळसाचा प्रश्नच नाही, विशीतच या मुलींच्या अंगावर आजार, लेकरं आणि घरातल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा आहे. त्या परिषदेत लिली ॲलन यांनी बायकांना गोल बसवून स्वतःबद्दल खरं बोलायला लावलं आणि तिथून असे स्वमदत गट ठिकठिकाणी सुरू झाले. त्या चळवळीची संस्था आजही आहे, नाव बदललंय. आमच्या गटाचा तिच्याशी कागदोपत्री संबंध नाही, पण आमच्यातल्या थोरल्या बाई, निवृत्त शिक्षिका, तरुणपणी त्या परिषदेला गेल्या होत्या. शिस्त त्यांनी तिथूनच आणलेली.

शिस्त म्हणजे काय? एकीला ठरावीक मिनिटं, टायमर लावून. कुणी मध्ये बोलायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. "निदान..." असं म्हणून वाक्य सुरू करायचं नाही. आणि कुणी रडायला लागलं तर टिश्यू पुढे करायचा नाही. डबा टेबलावर असतो, जिला हवा तिने उठून घ्यावा. टिश्यू हातात दिला की समोरचीला वाटतं, आता पुरे, आवर. हा नियम माझ्या जिवावर आला. मी नर्स, त्यात मराठी घरातली. कुणी रडतंय आणि मी हातावर हात ठेवून बसायचं? पहिल्या वेळी एका मुलीचा आवाज फाटला तशी मी खुर्चीतून अर्धी उठले. थोरल्या बाईंनी मान न वळवता नुसता तळहात खाली केला: बस. मी बसले. ती मुलगी रडली, थांबली, स्वतःच उठून तोंड पुसून आली आणि मग जे बोलली ते ती टिश्यू मिळाला असता तर बोलली नसती. माझी पाळी आली तेव्हा मी माझी मिनिटं जवळजवळ गप्प बसून काढली. तेही चालतं. टायमर वाजला, सगळ्या "थँक यू" म्हणाल्या आणि पुढची सुरू झाली.

एक खडा मात्र मला टोचत होता. या बायकांच्या दुःखाला गुलामगिरीचा, लिंचिंगचा, गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या नळांचा इतिहास आहे. त्यांच्या आज्या कापसाच्या शेतात राबलेल्या. माझी आजी भवानी पेठेत. वडिलांचं घराणं जहाजात कोंबून कुणी आणलं नव्हतं. मग या गोलात बसायचा मला हक्क काय? हे मी एका शनिवारी बोलून टाकलं. एकीने स्पष्ट सांगितलं की आफ्रिकेतून आणि इतर देशांतून आलेले लोक आमच्याशी फटकून वागतात, 'आम्ही त्यांतले नाही' म्हणतात, त्याचा तिला राग आहे. ते खरंच आहे. इथल्या आपल्या मराठी मंडळींतही मुलांना कुठल्या वस्तीत जाऊ नको सांगताना कोणता शब्द वापरतात, ते मी ऐकलंय, तेही मला मराठी येत नाही असं समजून. थोरल्या बाई म्हणाल्या, "हक्काचं जाऊ दे. पोलिसांनी गाडी थांबवली तर ते तुला आजीचं गाव विचारतील का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण फरक आहे तो आहे, आणि त्यांच्या इतिहासावर मी माझं नाव लिहीत नाही. ऐकताना जास्त ऐकते, एवढंच.

केसांचं त्यानंतर झालं. पुण्यात रिबॉन्डिंगची लाट आली तेव्हापासून मी केस सरळ करत होते आणि अमेरिकेत आल्यावर रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारं रसायन. दीड-दोन महिन्यांनी मुळाशी नवे केस कुरळे दिसले की परत लावायचं. टाळू भाजायची, खपल्या धरायच्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकन सरकारी आरोग्य संस्थेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी रसायनं न वापरणाऱ्या बायकांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचा अंदाज १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नव्हे, हे मला नर्स म्हणून कळतं. पण मी डबा फेकला. गटात त्या शनिवारी दुसरं बोलणंच झालं नाही. कुणी ऑफिसात वेण्या 'नीटनेटक्या नाहीत' म्हणून ऐकलेलं, कुणाच्या आईने मुलाखतीच्या आदल्या रात्री गरम कंगवा फिरवताना कान भाजलेला. केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये पहिल्यांदा केला. म्हणजे तोवर तसा कायदा एकाही राज्यात नव्हता, हेच मला जास्त धक्कादायक वाटलं.

सरळ भाग कापून टाकायचा, बोटभर कुरळे तेवढे ठेवायचे, याला इथे बिग चॉप म्हणतात. केस कापणाऱ्या बाईने पहिली कात्री माझ्या हातात दिली. मी कानामागची एक बट कापली आणि तिच्याकडे कात्री परत दिली. उरलेलं तिने केलं. मग कोमट पाण्याखाली डोकं धरलं आणि बोटांनी, फणीने नव्हे, केस मोकळे करत राहिली. कुठेच दुखलं नाही. इतक्या वर्षांत माझ्या डोक्याला कुणी हात लावला आणि दुखलं नाही, असं हे पहिल्यांदा झालं.

रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. ती किंचाळलीच, "अगं, हे काय केशवपन केल्यासारखं!" मग फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. माझ्या लहानपणापासून जो विषय घरात निघत नव्हता तो तिने स्वतः काढला. म्हणाली, "अगदी यांच्यासारखी दिसतेस." मी काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात तिनेच विचारलं, पत्रं ठेवली आहेत, पाठवू का? त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

नाही म्हणायला मी सगळ्यांत शेवटी शिकले आणि अजून कच्चीच आहे. कामावर ते सोपं गेलं. जादा ड्यूटीचा मेसेज आला की गटातल्या एकीने शिकवलेलं उत्तर पाठवते, "मला जमणार नाही." कारण द्यायचं नाही, कारण दिलं की समोरचा ते सोडवायला बसतो. घरी अवघड गेलं. मामाला घराच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते, याआधीही दिले होते. मी म्हटलं, या वर्षी नाही, मी रात्रपाळी सोडलीय. फोनवर शांतता. मग, "तुला आम्ही वाढवलं, लोकांची बोलणी खाल्ली, आणि तू...?" पूर्वी मी याच वाक्याला पैसे पाठवत असे. या वेळी म्हटलं, "मामा, तुम्ही वाढवलंत हे मी विसरले नाही. पैसे नाहीत." तो चार महिने बोलला नाही. दिवाळीला बोलला. थेरपिस्टला वाटलं होतं मला मोकळं वाटेल. मला मोकळं वाटलं नाही, वाईट वाटलं, पण झोप लागली.

गोळी अजून चालू आहे, डोस निम्मा झाला. मोकळेपणाने रक्तदाब बरा होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रात्रपाळी सोडली, झोप वाढली, चालणं वाढलं, हेही त्यात आहे. कामावरची कचऱ्याची पिशवी अजून अधूनमधून माझ्याकडे येते. आता मी सांगते, "मी तुमच्या वडिलांची नर्स आहे, सफाईसाठी फोन लावून देते," आणि आवाज गोड करत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आईने एका बाईला माझा नंबर दिला. मुलगी आठवीत, वडील सुदानचे, घर कोंढव्याला. शाळेने वेण्यांवरून डायरीत शेरा मारला होता. मी तिच्या आईला व्हिडिओवर डोक्यालगतच्या बारीक वेण्या घालायला शिकवल्या. तेल कोणतं, ओल्या केसांतच गुंता का सोडवायचा, रात्री डोक्याला सॅटिनचं फडकं का बांधायचं, ते सांगितलं. मग मुख्याध्यापिका बाईंना शुद्ध मराठीत दोन पानी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की वेण्यांना शाळेची हरकत नाही, मात्र रिबीन लालच हवी. मुलीने मला विचारलं, "ताई, ऐकू का त्यांचं?" मी म्हटलं, तुला काय वाटतं ते आधी सांग. ती विचार करून सांगते म्हणालीय.